सरासरीने पाय भाजत नाहीत

पालघरला मी समुद्र बघायला गेले नव्हते, चिकू खायला तर नाहीच. एक मशीन निवडायला गेले होते. सोलापूरहून निघताना आईनं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली आणि विचारलं, "संगणक काय सोलापुरात मिळत नाहीत होय?" मिळतात. पण कुठला घ्यायचा ते सोलापुरात बसून कळत नाही आणि मुंबईत बसून तर त्याहून कळत नाही. म्हणून हे लिहिते आहे. जे तिकडं कधी जाणार नाहीत त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी नोकरीचा भाग म्हणून जायला हवं पण जात नाहीत त्यांच्यासाठीही.

आधी भानगड काय ती सांगते. तारापूरच्या कारखान्यांपलीकडे एक खाडी आहे. गावाचं नाव लिहीत नाही. नाव छापलं की त्रास गावाला होतो, कारखान्याला होत नाही. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि गावातल्या बाया तिथं कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडायला जातात. परतायची वाट खाडीच्या मधल्या पात्रातून, गुडघाभर पाण्यातून. काही दिवशी भरतीच्या पहिल्या पाण्याबरोबर समुद्राकडून तपकिरी फेस आत येतो. त्या पाण्यातून चाललं की पायाला फोड येतात. फेस कोण सोडतं? विचारा. पाण्यावर कारखान्याचं नाव लिहिलेलं नसतं, एवढंच उत्तर आम्हाला आजवर मिळालंय.

फेस पहिल्यांदा दिसतो तो होड्यांना. म्हणून पाण्याच्या तक्रारींवर काम करणाऱ्या आमच्या संघटनेनं एक व्यवस्था केली. होडीवरचा माणूस मोबाइलमध्ये निरोप बोलून ठेवतो. होडी खाडीच्या तोंडाशी आली की गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या गच्चीवर आम्ही लावलेला अँटेना तो निरोप पकडतो. मग एक फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा छोटासा प्रोग्रॅम, जागं होतं, बोललेलं अक्षरात उतरवतं. दुसरं त्यात फेस, वास, रंग असले शब्द शोधतं. दोन होड्यांनी तेच सांगितलं की तिसरं फंक्शन बांधावरचा भोंगा वाजवतं. काम झालं की सगळी झोपतात. या प्रकाराला सर्व्हरलेस म्हणतात. नाव ऐकून वाटतं सर्व्हर नाहीच. असतो. फक्त तो दुसऱ्याच्या घरात असतो, आणि तिथले नियम दुसऱ्याचे असतात.

आमचा सर्व्हर एका परदेशी कंपनीच्या घरात होता, फुकटच्या खात्यावर. एका वेळी थोडीच फंक्शनं जागी होणार, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. वर गावातली इंटरनेटची केबल महिन्यातून कितीदा तुटते याचा हिशेब केबलवाल्यालाही नाही. शेवटी एकदा भोंगा वाजला तेव्हा बाया मधल्या पात्रात पोचलेल्या होत्या. म्हणून आता मशीन गावातच बसवायचं ठरलं. कुठलं, हे ठरवायला मी आणि केदार गेलो. ही सगळी फंक्शनं केदारनं लिहिलीत. तो माझ्यासारखा ओरडत नाही, फक्त चष्मा पुसतो.

पालघर आणि मनोर

पालघरला उतरून आधी सरकारी कचेरी गाठली. पाण्याच्या तक्रारी ज्यांच्या टेबलावर येतात ते साहेब शांत माणूस. इतका शांत की मला त्यांच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली. मी मागच्या वेळच्या पायांचे फोटो पुढं ठेवले. त्यांनी बाजूला सरकवले.

"ताई, महिन्याची सरासरी मर्यादेत आहे."

"साहेब, बाई महिन्याच्या सरासरीत उभी नव्हती. पाण्यात उभी होती."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

भावनेच्या भरात! फोड भावनेला आले होते का?

तिथून बसनं मनोरला. महामार्गावरच्या एका हॉटेलात आमच्या संघटनेला फुकट सल्ला देणारे मुंबईचे एक सल्लागार भेटणार होते. त्यांना पुढं गुजरातला जायचं होतं. फुकट सल्ल्याचा एक दोष असा की देणाऱ्याचं जेवण आपण द्यावं लागतं. पनीर मागवून त्यांनी लॅपटॉपवर आलेख दाखवला. दिवसभर सपाट रेघ. "तुमचा लोड सरासरी जवळजवळ शून्य आहे," ते म्हणाले, "तळहाताएवढं बोर्ड घ्या, त्यात अख्खा संगणक असतो. झालं काम."

मी केदारकडं बघितलं. त्यानं चष्मा काढला होता. म्हणजे त्यालाही राग आला होता.

एकाच दिवसात दोन शिकलेली माणसं, एक सरकारी, एक खासगी, आणि दोघांच्या तोंडी तोच मंत्र. सरासरी. मी तिथंच, पनीरच्या वाटीसमोर म्हणाले, "सर, सरासरीने पाय भाजत नाहीत. एकदाच भाजतात." त्यांनी हसून रोटी मागवली.

खाडी

गावात आम्ही जयवंतीमावशींकडं उतरलो. कालवं फोडणाऱ्या बायांत यांचा शब्द चालतो. मागच्या वेळी फोड आलेल्यांत त्याही होत्या. अजून स्लिपरचा पट्टा सैल बांधून चालतात. घरात शिरताच मी आईच्या भाकऱ्या काढल्या. मावशींनी एक उचलली, भिंतीवर टकटक वाजवली.

"ही भाकर हाय का कौल?"

"मावशी, ही महिनाभर टिकते."

"टिकनारच. खानार कोन हिला?"

मग त्यांनी तांदळाची मऊ भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली, आणि माझा सोलापुरी अभिमान तिसऱ्या भाकरीला गळून पडला. आमच्याकडं भाकरी मोडून कुस्करायची असते, इथली घडी घालून खातात. एवढ्या गोडीनं खाऊ घालणाऱ्या बाईनं हात धुवायच्या आत मला सुनावलं, तेही लिहिते.

"बाय, तुमचा भोंगा मागल्या टायमाला उशिरा वरडला. आमी पात्राच्या मधे. धड मागं नाय, पुढं नाय. तवाधरनं निम्म्या बाया बोलतात, भोंग्याचं ऐकायचंच नाय. आता परत उशीर झाला ना, तर कोनीच ऐकनार नाय. मग तो येळेवर वाजला तरी काय कामाचा?"

म्हणजे संधी एकच होती. मशीन चुकीचं निवडलं तर नुसतं मशीन वाया जाणार नव्हतं, बायांचा कान जाणार होता. आणि फेस तर येतच राहणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी प्रमोद तांडेलांच्या होडीवर गेले. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी. प्रमोदकाका दणकट, आवाज भोंग्यासारखा, आणि मेहुण्यावर कायमचे चिडलेले. समुद्रावर काय झालं ते फारसं सांगता येणार नाही, कारण निम्मा वेळ मी होडीच्या कडेवर वाकलेली होते. "सोलापूरची भाकर बाहेर येते," असं काका खलाशांना सांगत होते.

जरा सावरल्यावर मी विचारलं, "काका, फेस दिसला की सरळ बायकोला फोन का नाही करत? इथं मध्येमध्ये रेंज येते की."

जाळं ओढणारे खलाशी वळून माझ्याकडं बघायला लागले. काका म्हणाले, "असं करीत नाय. होडी लागायच्या आधी समुद्रावरनं घरी फोन गेला, तर त्या घरचा मानूस गेला समजायचं. बायको फोन बगूनच खाली बसेल. तुमच्या त्या मशीनशी बोलतो ते ठीक हाय. मशीनला कुठं कुंकू असतं?"

आमच्याकडं शेतातून माणूस दिवसात दहा फोन करतो, "मिरच्या आणल्या का?" इथं फोन न येणं हीच खुशाली. हे मनोरच्या आलेखात कुठं होतं?

काकांनी फोन तोंडाजवळ धरला, बटण दाबलं आणि निरोप सुरू केला. पाणी स्वच्छ, फेस नाही, एवढंच सांगायचं होतं. पण बटण सोडायचं कुणी? निरोपात जाळं ओढल्याचा आवाज आला, खलाशाला घातलेली शिवी आली, बोंबील किती आले ते आलं, आणि मग मेहुण्याचं प्रकरण सुरू झालं. मी खुणेनं सांगितलं, पुरे. काका म्हणाले, "थांब ग, येवढा येळ ऐकनारा मला घरात कोन भेटतो?"

परतताना खाडीच्या तोंडाशी आलो तर गावातल्या सगळ्या होड्या तिथं थांबलेल्या. आत पाणी नव्हतं. भरती लागेपर्यंत कुणालाच आत शिरता येत नाही. आणि अँटेनाची हद्द नेमकी तिथंच सुरू होते. म्हणजे सगळ्या होड्यांचे सगळे निरोप, मेहुण्यांसकट, एकाच वेळी सोसायटीच्या गच्चीवर जाऊन आदळतात. दिवसभर शून्य, आणि मग पोतं फुटल्यासारखं. त्याच वेळी बाया चिखलात, आणि पुढचं पाणी यायला थोडासाच अवकाश. जे काही करायचं ते तेवढ्यात.

गच्चीवर केदारनं हेच आकड्यांत पाहिलं होतं. मी किनाऱ्यावर उतरले, चप्पल चिखलात कायमची गेली, एका पायानं लंगडत वर पोचले तेव्हा तो म्हणाला, "एक निरोप, एक फंक्शन. प्रत्येकाला जागं व्हायला मेमरी लागते. लांब निरोपाला जास्त लागते. सगळे एकदम जागे झाले पाहिजेत, एकही रांगेत नको. बाकी मशीन कितीही साधं चालेल."

जाताजाता त्यानं सोसायटीचा बंद पडलेला जुना संगणक उघडला. आतलं तांबं काळंनिळं पडलेलं, पंख्याच्या पात्यांवर खारट चिकटा. कारखान्यांकडची हवा आणि समुद्राची हवा, दोघींनी मिळून खाल्लेला. सोसायटीचे सचिव म्हणाले, "चांगला होता हो, पन इथली हवा त्याला मानवली नाय." मी म्हणाले, "तुम्हाला मानवते?" त्यांनी संगणकाचं झाकण परत लावलं. मला असं बोलायला नको होतं, पण बोलले.

बोईसर

बोईसरला स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार मूळचे बनारसचे, गिऱ्हाईक बहुतेक कारखान्यांतले कामगार, त्यामुळं दुकानाची भाषा हिंदी. मी 'सर्व्हर' म्हणताच त्यांनी गेम खेळायच्या संगणकाची एक पेटी पुढं ओढली. आत लाल-निळे दिवे, काचेचं दार, तीन पंखे.

"ये लीजिए मॅडम, इसमें सब कुछ उड़ेगा."

"हमें उड़ाना नहीं है. एक साथ जगाना है."

त्यांनी केदारकडं सहानुभूतीनं पाहिलं. या बाईबरोबर कसा राहतोस, असा तो चेहरा होता.

केदारनं भांडण केलं नाही. पेन ड्राइव्ह काढला. त्यात आदल्या दिवशीचे सगळ्या होड्यांचे निरोप होते. "ज्या मशीनवर हे सगळे एकदम चालतील ते घेऊ." मला वाटलं दुकानदार हाकलतील. पण दुपारची वेळ, दुकान रिकामं, आणि मनुष्यस्वभाव. त्यांनी खुर्ची दिली.

पहिलं लावलं ते सल्लागारांचं तळहाताएवढं बोर्ड. पहिले काही निरोप नीट गेले. मग मेमरी संपली, एकेक फंक्शन मरायला लागलं, मेलेलं पुन्हा जागं व्हायला लागलं, आणि बोर्ड इतकं तापलं की दुकानदारांनी फुंकर घातली. सरासरी मात्र उत्तम होती, बरं का.

मग दिव्यांची पेटी. चित्रं काढायचं महागडं कार्ड आत नुसतं बसून होतं. ते आवाजाच्या कामालाही लावता येतं, पण फंक्शनांना त्याची ओळखच नव्हती. पैसा तिकडं गेल्यामुळं मेमरी बेताची, तीही भरली. मध्येच दुकानातली वीज गेली, इन्व्हर्टर केकाटला आणि पेटीनं त्याला बघताबघता झोपवलं. गावात वीज याहून जास्त वेळा जाते.

तिसरं मशीन मागच्या फळीवर पडलेलं. बँकांत, कचेऱ्यांत टेबलाखाली असतो तसला लहान, धातूचा, पंखा नसलेला डबा. त्यात मेमरीच्या दोन्ही खाचा केदारनं भरायला सांगितल्या. फंक्शन झोपेतून उठताना डिस्कवरून उचलावं लागतं, तिथंच वेळ जातो, म्हणून डिस्क वेगवान घातली. आणि निरोप सोडले. सगळे एकदम उठले. कुणी मेलं नाही. डबा कोमट झाला, इन्व्हर्टरनं हूं की चूं केलं नाही. तपासायला केदारनं एक निरोप स्पीकरवर लावला, आणि बोईसरच्या भर बाजारात प्रमोदकाकांचा मेहुणा तीन पिढ्यांसकट उद्धारला गेला.

दुकानदार पोट धरून हसले. "ये मशीन नहीं, ये तो पूरी रिश्तेदारी संभालेगी!"

एक मोठा घेण्याऐवजी आम्ही तसले दोन घेतले. एक बिघडला तर दुसरा जागा राहील. अर्ध्या ताकदीचा भोंगा चालतो, बंद भोंगा चालत नाही. शिवाय झाकणाला रबर असलेली पेटी, आतल्या तांब्याला बाहेरची हवा लागू नये म्हणून. सर्व्हरला त्या हवेपासून वाचवायला बाजारात पेटी मिळते. ही हवा माणसांच्या वस्तीत सोडायला परवानगीही मिळते. सहा आसनी रिक्षात मांडीवर ती पेटी घेऊन बसले होते तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "मिठाई हाय का?" माझ्या तोंडून आलं, "नाही, औषध." आणि लगेच त्याचीच चीड आली, कारण तेही खरं नव्हतं.

भोंगा

डबे सोसायटीच्या माडीवर बसवले. दोन दिवस फेस आला नाही, आणि मला तो यावा असं वाटत होतं. हे लिहायलाही नको वाटतं. तिसऱ्या दिवशी आला.

मी बांधावर होते. बाया चिखलात पार लांब, पाठी वाकलेल्या. खाडीच्या तोंडाशी होड्या जमल्या, आणि मी मनात 'वाज, वाज' म्हणायला सुरुवातही केली नव्हती तोवर भोंगा वाजला. बायांनी माना वर केल्या. कुणी हललं नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण एवढ्या लांब आवाज कुठला जातोय. मग जयवंतीमावशींनी कोयता कमरेला खोचला, पाटी डोक्यावर घेतली आणि पात्रात पाय घातला. त्यांच्यामागं एक, तिच्यामागं दुसरी, आणि मग सगळी रांग.

शेवटची बाई बांधावर चढली. मग पाणी वळलं. आधी नुसती थरथर, मग तपकिरी कड, तिच्यावर फेसाचे गठ्ठे, आणि जुन्या बॅटरीसारखा तो घशात बसणारा वास. जिथून त्या आत्ता चालून आल्या होत्या तिथं बुडबुडे फुटत होते. खेकडे चिखलावर उताणे व्हायला लागले. बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

केदार माडीवरून धावत आला. "पोचल्या?"

"पोचल्या."

तो चष्मा पुसायला लागला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, थोडा. मग मावशींची पाटी दिसली. तळ झाकेल इतकीच कालवं.

"येळेवर वाजला," मावशी म्हणाल्या. "आता उद्या बी वाजेल. परवा बी वाजेल. आमी रोज पळून येऊ." आणि माझ्याकडं अशा बघत राहिल्या, जणू उत्तर मीच खिशात घेऊन फिरते आहे.

पुन्हा पालघर

सगळे निरोप, त्यांच्या वेळा, मेलेल्या खेकड्यांचे फोटो घेऊन मावशी, केदार आणि मी त्याच कचेरीत गेलो. साहेबांनी या खेपेला सगळं लक्ष देऊन पाहिलं. खूश झाले. खरोखर खूश!

"उत्तम. तुमच्याकडे आता स्वतःची सूचना यंत्रणा आहे. कुणाला इजा झाली नाही. मग तक्रार काय उरली?"

आम्ही बोईसरच्या बाजारात घाम गाळून जे मशीन निवडलं, त्याचा पहिला उपयोग या माणसानं फाइल बंद करायला केला. वर ते म्हणाले, मशीनसोबत एक फोटो काढू, चांगला उपक्रम आहे.

मावशी खुर्चीवर पुढं सरकल्या. "साहेब, आमाला कळून काय होतंय? आमी नुसतं पळनार. पानी सोडनाऱ्याच्या दारात जायचा हक तुमाला हाय. म्हंजे भोंगा तुमच्या कानाशी पायजे. नाय का?"

"ताई, ड्युटी फोन आहे ना. बाहेर फलकावर नंबर लिहिलाय, चोवीस तास."

"चोवीस तास?"

"चोवीस तास."

मावशी उठल्या. बाहेर फलकाखाली केदार पायरीवर बसला, मांडीवर लॅपटॉप. नव्या फंक्शनला मशीनमध्ये जागा होतीच, आणि केबल तुटली तर असावं म्हणून सोसायटीतल्या डब्याला सिमकार्ड लावलेलं होतंच. फेस आला की फलकावरचा नंबर लावायचा. उचलला की होडीवरचा निरोप ऐकवायचा. मग पलीकडचा काय बोलतो ते अक्षरात उतरवायचं. "थांबायचं कधी?" केदारनं विचारलं. "काही तरी शब्द ठरवायला लागेल."

मावशींनी क्षणभरही विचार केला नाही. "निघालो. तो मानूस 'निघालो' बोलला की थांब. तवर लावत राहा."

मी सोलापूरला परतले. आईनं विचारलं, मिळालं का मशीन? मिळालं म्हटलं. ज्यांना असल्या कामासाठी यंत्र निवडायचंय त्यांनी वर लिहिलंय तेवढं जरूर वापरावं. त्यात माझं काही जात नाही.

काल संध्याकाळी पुन्हा फेस आला. बाया वेळेत वर आल्या, तसा मावशींचा निरोप आहे. केदारनं मला फोनवर ड्युटी फोनवरच्या बोलण्याची यादी दाखवली, मशीन जसं जसं लिहीत होतं तशी. ड्युटी फोन वाजला, कापला गेला. पुन्हा वाजला, उचलला. प्रमोदकाका फेसाचा रंग सांगून मेहुण्यावर घसरले. पलीकडून, "कौन है? कोण बोलतंय?" पुन्हा वाजला. "बघतो म्हटलं ना." पुन्हा वाजला. "अहवाल मागवलाय." पुन्हा वाजला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

फंक्शनला राग येत नाही, ते माझं काम आहे. त्याला फक्त एक शब्द ओळखता येतो आणि तो अजून कुणी उच्चारलेला नाही. फोन वाजतोय.